रुग्णाला जे साधायचं होतं ते साधलं का, हे मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं तीस खाटांचं रुग्णालय आहे. पक्षाघातानंतरचं पुनर्वसन आणि फिजिओथेरपी हे मुख्य काम. एनएबीएच या दर्जा-मान्यतेसाठी संसर्ग, रुग्ण पडण्याच्या घटना, प्रतीक्षेचा वेळ, रुग्णसमाधान हे सगळं आम्ही मोजतो. पण रुग्णाला स्वतःला जे हवं होतं ते मिळालं का, याचं उत्तर यातल्या एकाही तक्त्यात नाही. प्रत्येकाची अपेक्षा वेगळी असताना ती एका मापात कशी बसवायची? आणि तो आकडा दर्जाचा आकडा म्हणून दाखवता येईल का?"

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: बसवता येते, आणि त्याची पद्धत १९६८ पासून वापरात आहे. दुसऱ्या भागाला 'हो, पण' असं उत्तर द्यावं लागतं. त्या 'पण'कडे दुर्लक्ष झालं की वर्षभर गोळा केलेली माहिती कपाटात पडून राहते.

आधी सध्याच्या तक्त्यांबद्दल. अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा रचना (माणसं, साधनं), प्रक्रिया (काय केलं गेलं) आणि फलित (रुग्णाचं काय झालं) अशा तीन अंगांनी पाहायची मांडणी केली. आपण मोजतो त्यातलं बरंचसं पहिल्या दोन अंगांत येतं. फलितातलं जे मोजतो, म्हणजे मृत्यू, संसर्ग, पुन्हा भरती, ते सगळ्यांना सारखंच लागू असतं. समाधानाचा फॉर्म वागणूक, स्वच्छता, खर्च विचारतो. केंद्र सरकारच्या 'मेरा अस्पताल'चा रोखही तिकडेच आहे. ते विचारायलाच हवं. पण परिचारिकांवर खूश असलेली आजी घरी गेल्यावर संडासला एकटी जाऊ शकत नसेल, तर फॉर्मवर पाचपैकी पाच आणि घरी हाल, असं होतं.

थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शेर्मन यांनी अमेरिकेत मिनेसोटामधल्या मानसिक आरोग्य सेवेसाठी जी पद्धत मांडली तिला गोल अटेनमेंट स्केलिंग म्हणतात. पुढे कॅनडात ती वृद्धांच्या उपचारात आली, ब्रिटनमध्ये पुनर्वसनात रुळली. कल्पना साधी आहे. उद्दिष्ट प्रत्येकाचं वेगळं, पण प्रत्येक उद्दिष्टाच्या पायऱ्या पाचच: उणे २ ते अधिक २. ठरलेल्या मुदतीत वाजवी प्रयत्नांनी जिथवर पोचणं अपेक्षित आहे ती पायरी म्हणजे शून्य. म्हणजे आपण 'किती चाललात' हे मोजत नाही, 'ठरल्याच्या मानाने कुठे पोचलात' हे मोजतो. त्यामुळे पूजेला बसू इच्छिणारी आजी आणि दुकानात परत जाऊ इच्छिणारा माणूस एकाच तक्त्यात बसतात.

ही शून्याची पायरी कोण, कशी आणि कधी ठरवतं यावर सगळं अवलंबून आहे. बाकीचं नुसतं गणित.

सुरुवात बोलण्यापासून. "तुमचं ध्येय काय?" असं विचारलंत तर "बरं वाटावं, एवढंच" किंवा "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर" यापलीकडे काही हाती लागत नाही. त्याऐवजी दिवस विचारा. आजारी पडण्याआधी सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचात? आता त्यातलं काय अडतं? कशासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते आणि ती मारताना जीव नकोसा होतो? घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय जमलं तर बरं वाटेल? या बोलण्याला पहिल्या वेळी पंचवीस-तीस मिनिटं लागतात. ती राउंडच्या मध्ये मिळणार नाहीत, वेगळी काढावीच लागतील.

नातेवाईक हा आपल्याकडचा खास मुद्दा. प्रश्न आजींना विचारला तरी उत्तर मुलगा देतो: "तिला नीट चालता आलं पाहिजे." मुलाचं म्हणणं खोटं नसतं, पण ते मुलाचं असतं. त्याला चहाला पाठवा, निदान पंधरा मिनिटं आजींशी एकट्याने बोला. सांभाळणाऱ्याची अडचणही महत्त्वाची आहे; ती कागदावर वेगळ्या ओळीत, त्याच्या नावाने लिहा. दोन्ही एकाच ओळीत आली की सहा महिन्यांनी कुणाचं काय साधलं ते कळत नाही.

रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहा. "परसाकडं एकटीनं जाता यावं" हे वाक्य तसंच राहू द्या आणि त्याच्या शेजारी दवाखान्याच्या भाषेतलं रूप लिहा. 'शौचविधीत स्वावलंबन' एवढंच उरलं तर पुढच्या पाळीच्या थेरपिस्टला अंगण दिसत नाही, उंबरठा दिसत नाही, रात्रीचा अंधारही दिसत नाही.

आता पायऱ्या पाडायच्या. समजा ६६ वर्षांच्या आजी आहेत, पाच आठवड्यांपूर्वी पक्षाघात झालाय, डावी बाजू कमजोर आहे. घर गावात, संडास अंगणापलीकडे. मुदत १२ आठवडे.

उणे २: खाटेवरच भांडं द्यावं लागतं.
उणे १ (आजची स्थिती): एकाने धरून न्यावं, बसवावं, उठवावं लागतं.
शून्य: चार पायांची काठी घेऊन अंगण ओलांडतात, सोबत कोणीतरी असतं, पण हात लावावा लागत नाही.
अधिक १: दिवसा एकट्या जातात, रात्री सोबत लागते.
अधिक २: दिवसा आणि रात्री एकट्या जातात.

इथे पाचही पायऱ्यांत एकच गोष्ट बदलते, ती म्हणजे दुसऱ्याची मदत. हा नियम कडक पाळा. एका पायरीत अंतर, दुसरीत वेळ, तिसरीत वेदना असं मिसळलं की आजींना मदत कमी लागते पण वेळ जास्त लागतो, आणि गुण कुठला द्यायचा यावर दोन थेरपिस्टांचा वाद होतो. दोन गोष्टी महत्त्वाच्या असतील तर दोन उद्दिष्टं करा. पायऱ्यांमधली चढणही साधारण सारखी हवी. उणे १ पासून शून्य म्हणजे डोंगर आणि शून्यापासून अधिक १ म्हणजे उंबरठा, असं नको.

आजची स्थिती उणे १ वर ठेवायची की उणे २ वर? आणखी बिघडणं शक्य असेल तर उणे १, म्हणजे खाली जागा राहते. याहून वाईट काही उरलेलंच नसेल तर उणे २. उणे १ वर ठेवण्यात एक अडचण आहे: थोडी सुधारणा झाली, पण शून्यापर्यंत पोचली नाही, तर नोंदवायला पायरीच नसते. लंडनच्या लिन टर्नर-स्टोक्स यांनी पुनर्वसनासाठी सुटसुटीत केलेल्या पद्धतीत यासाठी उणे अर्धा गुण ठेवला आहे. तो वापरा, नाहीतर आठ आठवड्यांची मेहनत 'काही बदल नाही' अशी नोंदली जाते.

रुग्णाला दाखवायच्या कागदावर उणे-अधिक लिहू नका. पाच पायऱ्यांचा जिना काढा, आज कुठे आहात तिथे खूण करा, कुठवर जायचं ती पायरी रंगवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो कळतो, आणि 'उणे दोन' ऐकून कुणी खचत नाही.

उद्दिष्टं तीनच ठेवा. पाच-सहा ठरवली की शेवटची दोन कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. आपल्या आजींचं दुसरं: सकाळची पूजा स्वतः करणं, स्टुलावर बसून चालेल. याचं माप आठवड्यातले दिवस: एकही नाही, १-२, ३-४, ५-६, रोज. आज एकही नाही, म्हणजे उणे २. तिसरं: नातवाशी फोनवर बोलणं. बोलणं अस्पष्ट झालंय, तर माप असं घ्या की पाच मिनिटांच्या बोलण्यात नातवाला 'काय म्हणालीस?' असं किती वेळा विचारावं लागतं. आज उणे १.

गणित आता दोन मिनिटांचं आहे. मूळ सूत्रात प्रत्येक उद्दिष्टाला महत्त्व आणि अवघडपणा यांचं वजन देता येतं. माझा सल्ला: वजन देऊ नका. निकालात फारसा फरक पडत नाही, चुका मात्र वाढतात. सगळ्यांचं वजन सारखं धरलं आणि उद्दिष्टांच्या आपसांतल्या संबंधासाठी नेहमीचा ०.३ हा आकडा घेतला, तर गुणांच्या बेरजेला एका ठरलेल्या संख्येने गुणायचं आणि ५० मिळवायचे. एकच उद्दिष्ट असेल तर १०, दोन असतील तर ६.२०, तीनला ४.५६, चारला ३.६३, पाचला ३.०२. याला टी-गुण म्हणतात. सगळी उद्दिष्टं बरोबर शून्यावर पोचली तर ५०.

आजींची सुरुवातीची बेरीज उणे ४, म्हणून टी-गुण सुमारे ३१.८. बारा आठवड्यांनी संडास शून्यावर, पूजा अधिक १ वर, फोन जिथल्या तिथे उणे १ वर. बेरीज शून्य, टी-गुण ५०. कागदावर 'अपेक्षेप्रमाणे', वाढ अठरा गुणांची. पण नातवाला आजी अजून कळत नाहीत, हे त्या ५० मध्ये पार बुडालं. म्हणून महिन्याच्या बैठकीत टी-गुण एकटा कधीही दाखवू नका. शेजारी साधं वाक्य हवं: तीनपैकी दोन साधली, एक नाही, आणि का नाही.

हे 'का नाही' म्हणजे या साऱ्या उद्योगातली खरी कमाई. कारणांची छोटी यादी ठरवा: प्रकृती बिघडली, साधन मिळालं नाही, उपचाराला येता आलं नाही, घरी सांभाळणारं कुणी नव्हतं, उपचार ठरल्याप्रमाणे झाले नाहीत, अपेक्षा चुकीची धरली, रुग्णाचं मन बदललं. आजींच्या बाबतीत कारण असं निघू शकतं की स्पीच थेरपिस्ट फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि तिकडे जायला माणूस आणि गाडीभाडं दोन्ही नाही. अशा दहा रुग्णांचं एकच कारण आलं की थेरपिस्टला आठवड्यातून एक दिवस बोलवायचं की व्हिडिओवर सत्रं घ्यायची, हा निर्णय पुराव्यानिशी घेता येतो. सरासरी ४८ वरून ५१ झाली, यातून असं काही निघत नाही.

गुण कोण देतं? उपचार करणाऱ्याने द्यायचे नाहीत. २००६ मध्ये कॅनडात अल्झायमरवरच्या गॅलँटामाइन या औषधाच्या चाचणीत हीच पद्धत वापरली गेली. डॉक्टरांनी दिलेल्या गुणांत औषधाचा फायदा ठळक दिसला. रुग्ण आणि सांभाळणारे यांनी दिलेल्या गुणांत तितका दिसला नाही. चाचणी एकच, पद्धत एकच, गुण देणारे वेगळे. तुमच्याकडे वैद्यकीय समाजसेवक असेल तर ते काम त्याच्याकडे द्या, नाहीतर दुसऱ्या वॉर्डातल्या परिचारिकेकडे. रुग्ण घरी गेल्यावर फोन केला तरी चालतो. गावात आशाताईंची मदत मिळाली तर त्या प्रत्यक्ष पाहू शकतात.

विचारताना भिडेचा विचार ठेवा. "आता बरं आहे ना?" याला आपल्याकडे "हो, तुमच्या कृपेने" हेच उत्तर येतं. पाचही पायऱ्या वाचून दाखवा आणि 'काल' विचारा: काल संध्याकाळी संडासला गेलात तेव्हा सोबत कोण होतं? हात धरला होता का? शक्य असेल तर करून दाखवायला सांगा. आणि सर्वांत शेवटी, गुण लिहून झाल्यावर, एक वेगळा प्रश्न: जे झालं त्यावर तुम्ही समाधानी आहात का? दोन्ही उत्तरं जुळलीच पाहिजेत असं नाही. न जुळणारे कागद बाजूला काढून वाचा, त्यांत बरंच सापडतं.

आता त्या 'पण'कडे. सरासरी टी-गुण हा तुमच्या सेवेचा दर्जा सांगत नाही, तो तुमचा अंदाज किती नेमका आहे ते सांगतो. अपेक्षा नीट धरल्या असतील तर बऱ्याच रुग्णांची सरासरी ५० च्या आसपास येते. ती सतत ६० च्या घरात असेल तर आनंद मानू नका, शून्याची पायरी खाली ठेवली जातेय. सतत ४० असेल तर एकतर स्वप्नं मोठी दाखवली जातायत किंवा उपचारात खरंच काही कमी आहे. कारणांची यादी पाहिल्याशिवाय कुठलं ते ठरवता येत नाही. म्हणूनच दोन रुग्णालयांचे टी-गुण शेजारी ठेवून 'हे चांगलं, ते वाईट' म्हणता येत नाही. तुमचं शून्य आणि त्यांचं शून्य वेगळं. शिवाय या पायऱ्या क्रमाच्या आहेत, सेंटिमीटरच्या नाहीत, त्यामुळे सरासऱ्या काढण्यावरच काही संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा गुण) आणि विखुरण (गुण किती पसरलेत ते) दाखवलं तर निदान फसवणूक कमी होते.

हा आकडा पगारवाढीशी किंवा बोनसशी जोडू नका. जोडलात की शून्याची पायरी हळूहळू खाली सरकेल, आणि त्यात कुणी लबाडी करतंय असंही नसेल; माणूस आपोआप सावध होतो. यावर चांगला पहारा म्हणजे दर दहावा कागद, निकाल झाकून, दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टला दाखवायचा आणि एवढंच विचारायचं: या रुग्णाला १२ आठवड्यांत तुम्ही शून्य कुठे धरलं असतं?

मग दर्जा म्हणून बाहेर काय दाखवायचं? अमेरिकेतल्या एनसीक्यूए या संस्थेने गुंतागुंतीच्या आजारांच्या रुग्णांसाठी हेच तीन टप्प्यांत मांडलंय, आणि ती मांडणी तुम्हाला सोयीची पडेल. उद्दिष्ट ठरवून मोजण्याजोगं लिहिलं गेलं का. त्याचा पाठपुरावा झाला का. आणि ते साधलं का. पहिले सहा महिने फक्त पहिले दोन दाखवा. शंभरातल्या किती रुग्णांच्या कागदावर त्यांच्याच शब्दांतलं उद्दिष्ट आहे, आणि त्यांतल्या किती जणांशी मुदतीत पुन्हा बोलणं झालं, हे आकडे सुरुवातीला लाजिरवाणे येतात. ते सुधारल्याशिवाय तिसऱ्याला काही अर्थ नाही, कारण पाठपुरावा न झालेल्यांत उद्दिष्ट न साधलेलेच जास्त असण्याची शक्यता असते. त्यांना वगळून काढलेली टक्केवारी गोड दिसते, एवढंच.

मुदतीच्या मध्ये उद्दिष्ट बदललं तर जुनं खोडू नका. कारण लिहून ते बंद करा आणि नव्या तारखेने नवं उघडा. निकाल दिसू लागल्यावर शून्य हलवणं हा या पद्धतीतला सर्वांत सर्रास आणि सर्वांत घातक प्रकार आहे.

न जमणारं उद्दिष्ट आलं तर? गुडघा बदलायच्या शस्त्रक्रियेआधी "मला उकिडवं बसता यायला हवं" असं अनेक जण म्हणतात, आणि शस्त्रक्रियेनंतर सर्जन बहुधा ते टाळायला सांगतात. तेव्हा "गुडघा ११० अंश वाकेल" असं लिहून मोकळं होऊ नका, ते सर्जनचं उद्दिष्ट झालं. कशासाठी बसायचंय ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर निघतं की गावाकडच्या घरी कमोड नाही आणि लग्नाकार्याला दोन दिवस राहता येत नाही. मग उद्दिष्ट 'गावी दोन रात्री राहून येणं' असं होतं आणि घडीचा कमोड-स्टूल घेतला तर ते गाठता येतं. रुग्णाला हवं तेच राहिलं, वाट बदलली.

औषधांच्या बाबतीतही हे उपयोगी पडतं. हृदयविकाराच्या रुग्णाला लघवीची गोळी आहे, आणि एसटीने मुलीकडे जायच्या दिवशी तो ती घेतच नाही. औषधाच्या नियमितपणाच्या तक्त्यात तो 'बेपर्वा' ठरतो. महिन्यातून एकदा मुलीकडे जाणं हे त्याचं उद्दिष्ट कागदावर असेल, तर त्या दिवशी गोळीची वेळ बदलता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे येतो. तो प्रश्न पडणं हाच दर्जा. २०१२ मध्ये डेव्हिड रूबेन आणि मेरी टिनेटी या अमेरिकेतल्या वृद्धोपचारतज्ज्ञांनी अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी उद्दिष्टकेंद्री उपचारांची बाजू मांडली तीही अशाच पेचांमुळे: प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वं वेगळी, आणि माणूस एकच.

गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ नसेल तर हलकं साधन घ्या. पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केलमध्ये रुग्ण अडणारी तीन ते पाच कामं स्वतः सांगतो आणि प्रत्येकाला ० ते १० गुण देतो. ० म्हणजे करताच येत नाही, १० म्हणजे पूर्वीसारखं. पाचेक मिनिटांत होतं, पायऱ्या पाडाव्या लागत नाहीत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारा) असेल तर कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर चांगलं आहे. त्यात काम किती जमतं आणि त्यावर समाधान किती, असे १ ते १० गुण वेगवेगळे घेतात, आणि २ गुणांचा फरक पडला की तो दखल घेण्याजोगा मानतात. या दोन्हींत 'किती सुधारणा अपेक्षित होती' हे नोंदलं जात नाही, एवढी उणीव लक्षात ठेवा.

वाचा गेलेल्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना वगळायची घाई करू नका. चित्रं, हो-नाहीचे प्रश्न, घरच्यांकडून कळलेल्या जुन्या सवयी यांतून बरंच समजतं. मात्र उद्दिष्ट कुणी सांगितलं, हे कागदावर स्पष्ट हवं. तातडीच्या विभागात आणि आयसीयूत या मोजमापाचं काम नाही, आणि संसर्ग, रुग्ण पडणं, औषधांच्या चुका यांचे तक्ते याच्यामुळे बंद करायचे नाहीत.

सुरुवात पक्षाघाताच्या वीस रुग्णांपासून करा, एकाच वॉर्डात. एक्सेलच्या शीटमध्ये प्रत्येक उद्दिष्टाला एक ओळ: रुग्णक्रमांक, रुग्णाचे शब्द, कुणी सांगितलं, पाच पायऱ्या, सुरुवातीचा गुण, मुदत, मुदतीचा गुण, गुण कुणी दिला, कारण. रुग्णामागे एक ओळ ठेवलीत तर कारणं उद्दिष्टांना जोडता येत नाहीत आणि सगळी शीट पुन्हा करावी लागते. वीस कागद पूर्ण झाले की टी-गुण काढायच्या आधी ते टेबलावर मांडा आणि शून्याची पायरी कुठे कुठे उगाच सोपी किंवा अवघड झाली ते सगळ्यांनी मिळून पाहा. पहिल्या वीसांतल्या पुष्कळ कागदांत ती दुरुस्त करावीशी वाटेल. ती दुरुस्ती पुढच्या वीसांत करा, याच वीसांत नाही.